इंग्रज कोण आणि ब्रिटिश कोण?

१ जानेवारी जवळ आली की एक वाद दरवर्षी हमखास उकरून काढला जातो. भीमा कोरेगावला महार सैनिक ‘इंग्रजांच्या’ बाजूने लढले, असे कुणीतरी टोमणा मारल्यासारखे म्हणतो आणि आपले कार्यकर्ते त्याला उत्तर देतात. ते उत्तर इथे पुन्हा देत नाही. आज फक्त त्या वाक्यातल्या ‘इंग्रज’ या शब्दाबद्दल बोलायचे आहे. पेशवाई बुडाली तेव्हा पुण्यात कंपनीचा रेसिडेंट असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश होता. त्याच्यानंतर मुंबईचा गव्हर्नर झालेला जॉन माल्कम स्कॉटिश. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, तोही स्कॉटिश. आपण तिघांनाही सरसकट इंग्रज म्हणतो.

तसे पाहिले तर ‘ब्रिटिश’ ही ओळख फार जुनी नाही. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या संसदा एक झाल्या आणि ग्रेट ब्रिटन हे राज्य बनले. वेल्स आधीच इंग्लंडला जोडलेला होता, १८०१ मध्ये आयर्लंडही जोडले गेले. पण राज्य एक झाल्याने माणसे एक होत नाहीत, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग हे लोक ब्रिटिश झाले कसे? इतिहासकार लिंडा कॉली यांनी १९९२ च्या ‘ब्रिटन्स’ या ग्रंथात त्याची कारणे मांडली आहेत: प्रॉटेस्टंट धर्म, कॅथलिक फ्रान्सशी पुन्हा पुन्हा झालेली युद्धे आणि साम्राज्य. समोर ‘ते’ उभे होते म्हणून ‘आपण’ तयार झालो. स्कॉटिश तरुणाला लंडनमध्ये हिणवले जाई, पण कंपनीच्या चाकरीत हुद्दा मिळे. एल्फिन्स्टन आणि माल्कम ब्रिटिश झाले ते आपल्या देशात.

साम्राज्य संपले आणि हा प्रश्न उलटा फिरून इंग्लंडच्या दारात आला. १९४८ च्या कायद्याने वसाहतींतल्या लोकांना ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा हक्क होता. कॅरिबियन बेटांतून, पंजाबातून, गुजरातेतून माणसे आली. त्यांची मुले तिथेच जन्मली. ती कोण? १९६८ मध्ये खासदार इनॉक पॉवेल यांनी जाहीर भाषणात सांगून टाकले की वेस्ट इंडियन किंवा आशियाई माणूस इंग्लंडमध्ये जन्मला म्हणून इंग्रज होत नाही. कायद्याने नागरिक होतो, प्रत्यक्षात जो होता तोच राहतो. मित्रांनो, हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? कायद्यापुढे समान, पण जन्माने बाहेरचा.

आता आकडे. इंग्लंड आणि वेल्सच्या २०११ च्या जनगणनेत राष्ट्रीय ओळख पहिल्यांदाच विचारली गेली. फक्त ‘इंग्लिश’ असे ५७.७ टक्के लोकांनी नोंदवले, फक्त ‘ब्रिटिश’ असे १९.१ टक्के. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, फक्त ‘ब्रिटिश’ ५४.८ टक्के आणि फक्त ‘इंग्लिश’ १४.९ टक्के! दहा वर्षांत इंग्रज कुठे गेले? कुठेही गेले नाहीत. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या फॉर्मवर पहिला पर्याय ‘इंग्लिश’ होता, २०२१ मध्ये ‘ब्रिटिश’ वर आणला गेला. लोकांनी पहिल्या चौकटीत खूण केली. हा बदल बऱ्याच अंशी त्या क्रमामुळे झाला असावा, हे तिथल्या सांख्यिकी कार्यालयानेही मान्य केले आहे.

म्हणून ‘लोक स्वतःला जास्त काय मानतात’ याचे उत्तर नुसत्या टक्केवारीतून काढणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आपल्याकडेच पाहा. १९९० पर्यंत बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती नव्हत्या. घरात बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो आणि कागदावर ‘हिंदू महार’, अशी कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांची ओळख कुठली, कागदावरची की भिंतीवरची?

पण दोन्ही जनगणनांमध्ये एक गोष्ट बदलली नाही. काळे आणि आशियाई लोक ‘इंग्लिश’पेक्षा ‘ब्रिटिश’ला जास्त पसंती देतात. मला यात नवल वाटत नाही. ‘ब्रिटिश’ पासपोर्टवर लिहिलेले असते, ते कुणी हिसकावून घेऊ शकत नाही, निदान सहजासहजी तरी नाही. ‘इंग्लिश’ असा पासपोर्टच नाही. ते शेजाऱ्याने मान्य करावे लागते. आणि गंमत अशी की ज्या शब्दाच्या आधाराने ही माणसे नागरिक म्हणून उभी राहतात, तोच शब्द त्यांच्या आजोबांवर राज्य करणाऱ्यांचा होता.

‘इंग्लिश’ची दारे मात्र अगदीच बंद नाहीत. १९६६ च्या विश्वचषकात प्रेक्षक युनियन जॅक फडकवत होते, १९९६ च्या युरो स्पर्धेत स्टेडियम सेंट जॉर्जच्या लाल क्रॉसने भरून गेले. पुढे त्याच संघात काळे खेळाडू वाढत गेले. ११ जुलै २०२१ ला युरोच्या अंतिम सामन्यात मार्कस रॅशफर्ड, जेडन सँचो आणि बुकायो साका यांच्या पेनल्टी हुकल्या. तिघेही इंग्लंडमध्ये जन्मलेले. त्या रात्रीच त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार सुरू झाला. मँचेस्टरमधले रॅशफर्डचे भित्तिचित्र विद्रूप केले गेले. दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीवर मोहल्ल्यातल्या लोकांनी, लहान मुलांनी चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली. रॅशफर्डने निवेदन काढले. पेनल्टी वाईट मारली याबद्दल त्याने माफी मागितली; आपण कोण आहोत आणि कुठून आलो याबद्दल कधीच मागणार नाही, असे सांगितले. शेवटी त्याने स्वतःची ओळख दिली: विदिंग्टन आणि विदनशॉ या वस्त्यांमधला तेवीस वर्षांचा काळा माणूस. त्या ओळीत ‘इंग्लिश’ही नव्हते आणि ‘ब्रिटिश’ही नव्हते.