गॅस-धातू-चाप वेल्डिंगमधील अपूर्ण एकजीवता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) हे शहर दीर्घकाळ अजिंठा-वेरूळमुळे ओळखले जात होते. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि या ओळखीत वाहन उद्योगाची भर पडली. वाहनाचा सांगाडा नळ्या व पत्रे जोडूनच उभा राहतो. त्यामुळे आयटीआयमधील ‘संधाता’ या व्यवसायास येथे विशेष महत्त्व आहे. प्रस्तुत लेखात या जोडकामातील एका दोषाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

पद्धतीचा विकास :
सतत पुढे सरकणारी तार आणि संरक्षक वायू यांवर आधारित ही पद्धती १९४८ मध्ये अमेरिकेतील बॅटेल संस्थेत विकसित झाली. प्रारंभी ती महागड्या निष्क्रिय वायूमुळे अॅल्युमिनियमसारख्या धातूंपुरती मर्यादित राहिली. १९५३ मध्ये सोव्हिएत संशोधक ल्युबाव्स्की व नोव्होशिलोव यांनी कार्बन डायऑक्साइडचा वापर पुढे आणला आणि पोलादाचे जोडकाम स्वस्त झाले. त्या दशकाच्या अखेरीस बारीक तारेची अल्प उष्णतेची ‘शॉर्ट सर्किट’ रीत आली. तीमुळे पातळ पत्रा छिद्र न पडता जोडता येऊ लागला.

दोषाची मीमांसा :
पातळ पत्र्यासाठी वरदान ठरलेली हीच अल्प उष्णता जाड पट्टीवर दोषाचे कारण ठरते. वितळलेली तार मूळ धातूवर पसरते. मात्र त्याच्याशी एकजीव होत नाही. जोड वरून भरीव व गुळगुळीत दिसतो. हा दोष पातळ फटीसारखा असल्याने क्ष-किरण चित्रातही निसटू शकतो. म्हणूनच अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या पोलादी बांधकाम संहितेने ही रीत पूर्वमान्य पद्धतींमधून वगळली असून, तिच्यासाठी स्वतंत्र पात्रता-चाचणी आवश्यक ठरविली आहे.

निराकरण :
प्रथम गंज, तेल व पापुद्रा काढावा. नंतर तारेचा वेग, म्हणजेच विद्युत्प्रवाह, तपासावा. टोकाबाहेरील तार लांबल्यास प्रवाह घटतो, हेही पाहावे. चाप वितळ-कुंडाच्या पुढील कडेवर असावा. धातू चापाच्या पुढे वाहिल्यास खालचा पृष्ठभाग वितळत नाही. शेवटी नमुना कापून, घासून व आम्लाने कोरून पाहावा.

निष्कर्ष :
एका गरजेसाठी घडलेले तंत्र दुसऱ्या कामास जसेच्या तसे लावल्यास दोष उद्भवतो, हे या इतिहासातून स्पष्ट होते. सांगाड्याच्या जोडावर माणसाचा जीव अवलंबून असतो. म्हणून संधात्याच्या शिक्षणात हाताच्या सफाईइतकेच कापलेल्या नमुन्याच्या परीक्षणासही स्थान मिळणे अगत्याचे आहे.