मी लिहिते, मी म्हणते : मीनाकुमारी ‘नाज’ यांची एक दुर्लक्षित तबकडी

उर्दू शायरी आधी कानावर येते आणि मग कागदावर. मुशायऱ्याची परंपराच तशी आहे. शायर शेर म्हणतो, मैफल दाद देते, ऐकणारा तो शेर ओठांवर घेऊन घरी जातो. दीवान छापला जातो तो पुष्कळ उशिरा, कधी शायराच्या मरणानंतर. हैदराबादच्या माहलका बाई चंदा यांचा दीवान त्यांच्या पश्चात १८२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीतही याहून वेगळे घडलेले नाही. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ मध्ये आली. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांचे शब्द दुसऱ्यांनी टिपून ठेवले म्हणून वाचले. पण त्या ओव्या म्हणताना त्यांचा आवाज कुठे चढत असेल, कुठे थांबत असेल, हे आता कुणालाच कळणार नाही.

हा मुद्दा मनात ठेवूनच आम्ही आज एका तबकडीविषयी लिहीत आहोत. १९७१ मध्ये एचएमव्हीने एक एलपी रेकॉर्ड काढली. नाव इंग्रजी होते : ‘आय राइट, आय रिसाइट’. म्हणजे मी लिहिते, मी म्हणते. शब्द मीनाकुमारींचे, आवाजही त्यांचाच आणि संगीत खय्याम यांचे. मीनाकुमारींच्या हयातीत त्यांच्या शायरीचे पुस्तक निघाले नाही. निघाली ती ही रेकॉर्ड. त्यांच्या निधनानंतर १९७२ मध्ये गुलजार यांनी ‘तनहा चाँद’ हा संग्रह संपादित करून प्रसिद्ध केला. म्हणजे इथेही आवाज आधी आला आणि पुस्तक मागाहून. फरक एवढाच की, या वेळी तो आवाज शिल्लक राहिला.

आमच्या परिसरात मीनाकुमारी हे नाव माहीत नाही असे घर नसेल. परंतु ‘नाज’ हा कुणाचा तखल्लुस आहे असे विचारले तर उर्दू शिकलेली माणसेही क्षणभर थांबतात. ‘ट्रॅजेडी क्वीन’ सर्वांना ठाऊक, शायरा फार थोड्यांना ठाऊक. हे असे का झाले, याचा थोडा इतिहास पाहू या.

बालकलाकार ते शायरा

मीनाकुमारी यांचे मूळ नाव माहजबीन बानो. जन्म मुंबईतला, १ ऑगस्ट १९३३ चा. वडील अली बख्श हार्मोनियम वाजवणारे, आई इकबाल बेगम. घरची परिस्थिती बेताची. विजय भट्ट यांच्या ‘लेदरफेस’ या १९३९ च्या चित्रपटात माहजबीन पहिल्यांदा पडद्यावर आली, तेव्हा ती जेमतेम सहा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी ‘एक ही भूल’मध्ये ती ‘बेबी मीना’ झाली. ज्या वयात आपली मुले अलिफ-बे गिरवतात, त्या वयात ही मुलगी स्टुडिओतून पैसे मिळवून घरी आणत होती. शाळा अशी नियमित झालीच नाही. जे उर्दू आले ते घरी आणि स्वतःच्या वाचनातून.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. म्हणून ही गोष्ट आम्हाला अधिक लागते. घरकामासाठी, धाकट्या भावंडांसाठी, मजुरीसाठी शाळा सुटलेल्या मुली आम्ही दरवर्षी पाहतो. हजेरीपटावरचे नाव लाल शाईने कापले की आपल्या लेखी त्या मुलीची भाषा संपते. माहजबीनची भाषा मात्र संपली नाही. शूटिंगच्या धबडग्यात ती डायऱ्या लिहीत राहिली.

तिला गाताही येत होते. ‘बहन’ (१९४१) आणि ‘पिया घर आजा’ (१९४७) या चित्रपटांत तिने स्वतः गाणी म्हटली आहेत. पण पार्श्वगायनाचा जमाना पक्का झाला आणि पुढे तिच्या ओठांवर दुसऱ्यांचे आवाज आले. ‘साहिब बीबी और गुलाम’मध्ये (१९६२) गीता दत्त, ‘पाकीजा’मध्ये लता मंगेशकर. शब्द शायरांचे, सूर गायिकांचा, चेहरा मीनाकुमारींचा. हिंदी चित्रपटाची ही रीतच आहे आणि तिने आपल्याला अमर गाणी दिली, यात वाद नाही. परंतु वीस-पंचवीस वर्षे दुसऱ्यांच्या शब्दांना आणि सुरांना चेहरा देणाऱ्या स्त्रीने ‘मी लिहिते, मी म्हणते’ असे ठणकावून सांगावे, याचे वजन वेगळे आहे. त्या नावातले दोन्ही ‘मी’ नीट ऐकले पाहिजेत.

खय्याम यांची साथ

खय्याम आणि मीनाकुमारी यांची नावे ‘फुटपाथ’ (१९५३) या चित्रपटात एकत्र आली होती. त्यात दिलीपकुमार आणि मीनाकुमारी यांच्या भूमिका आणि खय्याम यांचे संगीत होते. १९७१ मध्ये खय्याम यांचा मोठा काळ अजून यायचा होता. ‘कभी कभी’ १९७६ चा, ‘उमराव जान’ १९८१ चा. दरम्यान त्यांनी महंमद रफी आणि बेगम अख्तर यांच्यासाठी बिगरफिल्मी गझलांना चाली दिल्या. शब्दाला पुढे ठेवायचे आणि साज मागे ठेवायचे, ही त्यांची तबियत. या एलपीत ती स्पष्ट दिसते. वाद्ये आहेत, पण ती बैठकीत मागे बसलेल्या अदबशीर माणसांसारखी.

मीनाकुमारी इथे गायिकेसारखे गात नाहीत आणि नुसते वाचतही नाहीत. त्या तरन्नुममध्ये म्हणतात. मुशायरा ऐकलेल्यांना तरन्नुम समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो : चालीवर शेर म्हणायचा, पण चालीने शब्दाला दाबायचे नाही. आवाज खालच्या पट्टीतला, थोडा थकलेला. तेव्हा त्या यकृताच्या आजाराने ग्रासलेल्या होत्या. पण आजारपणाची कणव म्हणून ही रेकॉर्ड ऐकणे म्हणजे तिच्यावर अन्याय करणे होय. मिसरा कुठे तोडायचा, रदीफ किती हलकी सोडायची, याची जाण त्या आवाजात शेवटपर्यंत शाबूत आहे. ‘तनहा’ या रदीफच्या गझलेत तोच शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी वेगळा येतो. कधी तक्रार, कधी निव्वळ नोंद. हे काम अभिनेत्रीचे आहे आणि शायराचेही.

आम्हाला एक गोष्ट नेहमी जाणवते. ‘उमराव जान’ची नायिका ‘अदा’ या तखल्लुसाने शायरी करणारी. ती कादंबरीतली. खय्याम यांनी तिच्यासाठी चाली बांधल्या, तेव्हा जगाने वाहवा केली. त्याआधी दहा वर्षे त्यांनी एका हाडामांसाच्या शायरेसाठी हेच काम केले होते, याची आठवण फार थोड्यांना राहिली.

वर्गातली दोन शीर्षके

या रेकॉर्डमधल्या दोन नज्मांची नावे आमच्या वर्गात फार उपयोगी पडतात : ‘मेरा माजी’ आणि ‘खाली दुकान’. सालेकसासारख्या गावात मराठी, हिंदी, छत्तीसगढी आणि गोंडी शेजारी नांदतात. आमच्या मुलांच्या घरची बोली या सर्वांची मिसळ असते. ‘माजी’ म्हटले की त्यांना आधी माजी सरपंच आठवतो! मग सांगावे लागते की, हा तोच शब्द. उर्दूत माजी म्हणजे भूतकाळ, आणि तिथूनच तो मराठीच्या ग्रामपंचायतीत येऊन बसला. ‘खाली दुकान’ म्हणजे मराठी कानाला माडीच्या खालचे दुकान; उर्दूत ते रिकामे दुकान. काळाच्या दुकानात आपल्याला हवे ते काहीच नाही, असे सांगणारी ती नज्म आहे. एका शब्दाने दोन भाषांच्या मध्ये केवढे दार उघडते!

दुसरा फायदा तलफ्फुजचा. जीम आणि जे, काफ आणि काफ-ए-कलमन, खे आणि ख यांतला फरक फळ्यावर लिहून समजतो, जिभेवर मात्र येत नाही. तो ऐकूनच येतो. मीनाकुमारी शब्द चघळत नाहीत, आपटतही नाहीत. त्यांच्या तोंडी ‘वक्त’ आणि ‘ख्वाब’ स्वच्छ उतरतात. आम्ही कित्येक धड्यांनी जे साधत नाही, ते एक नज्म दोनदा ऐकवून साधते.

लाखेपासून व्हिनाइलपर्यंत

आता थोडे तबकडीविषयी. तिच्या घडणीत आमच्या जंगलांचाही एक जुना धागा आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डमध्ये लाखेपासून केलेला चपडा वापरत. ही लाख मध्य भारतातल्या पळस, कुसुम, बोरीच्या झाडांवर तयार होते. त्या रेकॉर्ड काचेसारख्या ठिसूळ, आणि एका बाजूला गाणे मावे सुमारे तीन मिनिटांचे. तेवढ्यात एखादी गझल घाईघाईने बसवता येते. एका शायराची पाठोपाठ ऐकवायची नज्मांची माळ बसत नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत व्हिनाइल प्लॅस्टिकची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले रेकॉर्ड आली आणि एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास जागा मिळाली. या एलपीवर गझला आणि नज्मा शेजारी शेजारी आल्या, त्या यामुळेच. दोन बाजूंची छोटीशी मैफल झाली.

एचएमव्हीचा कारखाना कोलकात्याजवळ दमदम येथे होता. कवयित्री आणि संगीतकार मुंबईचे. या दोन महानगरांना जोडणारा हावडा-मुंबई लोहमार्ग आमच्या सालेकसा स्टेशनातूनच जातो.

तबकडी छापण्याची रीत थोडक्यात अशी. मूळ ध्वनिमुद्रणावरून एका तबकडीवर खाच कोरतात, तिच्यावरून धातूचे साचे घेतात, आणि त्या साच्यांत गरम व्हिनाइल दाबून प्रती काढतात. साचा झिजत जातो, म्हणून सुरुवातीच्या प्रती अधिक स्वच्छ उतरतात. शौकीन मंडळी लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला साच्याचा क्रमांक भिंगाने पाहतात, ते याच कारणाने. सिनेमाच्या गाण्यात पन्नास वाद्यांच्या गजरात खरखर लपून जाते. या रेकॉर्डमध्ये आवाज हलका आणि थांबे लांब. सुईखालचा प्रत्येक ओरखडा तिथे ऐकू येतो. म्हणून या एलपीची वापरून न झिजलेली प्रत हाती लागणे, ही चाहत्यांसाठी ईदच. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या रेकॉर्डच्या थप्प्या उलटणारे लोक ‘पाकीजा’ बाजूला सारून ही शोधतात, तेव्हा दुकानदारालाही कळते की गिऱ्हाईक वेगळे आहे.

‘पाकीजा’चे नाव आले ते योग्यच झाले. ही तबकडी मागे पडण्याचे मोठे कारण तोच चित्रपट. दीड दशक रखडलेला ‘पाकीजा’ ४ फेब्रुवारी १९७२ रोजी मुंबईत मराठा मंदिरला लागला आणि ३१ मार्चला मीनाकुमारी गेल्या. वय अवघे ३८. लोकांनी अश्रू ढाळत चित्रपट पाहिला, आणि ती बाई म्हणजे साहिबजान अशी खूणगाठ बांधली. त्याच वर्षी विनोद मेहता यांनी त्यांचे चरित्र लिहिले. पुढे दारू, तलाक, एकाकीपण यांच्या कहाण्या रंगत गेल्या. शायरीही त्या कहाण्यांचा पुरावा म्हणून वाचली जाऊ लागली. मीर, फानी यांचे दुःख आपण शायरी म्हणून वाचतो आणि एका स्त्रीचे दुःख चौकशी म्हणून वाचतो, हा कुठला इन्साफ?

त्यांची प्रत्येक नज्म थोर आहे, असे आम्ही म्हणत नाही. काही ठिकाणी प्रतिमा ओळखीच्या आहेत : चाँद, रात, तनहाई. परंतु ज्या काळात स्त्रीने शेर म्हणायचा तो पडद्याआडून, अशी अपेक्षा शरीफ घरांत अजून शिल्लक होती, त्या काळात त्यांनी आपले नाव, आपला तखल्लुस आणि आपला आवाज एकाच तबकडीवर ठेवला. हा आपल्या महाराष्ट्राच्या उर्दू अदबच्या इतिहासातला एक मोलाचा दस्तऐवज आहे. २०१४ मध्ये नूरुल हसन यांनी त्यांच्या शायरीचा इंग्रजी अनुवाद पुस्तकरूपाने आणला. मराठीतही या नज्मा शायरी म्हणून चर्चेत याव्यात. मुस्लिम मराठी साहित्यिकांनी हे काम हाती घ्यावे. दोन्ही भाषांचे कान आपल्याच घरात आहेत.

एलपींचा जमाना सरला. दमदमची ती ग्रामोफोन कंपनी २००० पासून सारेगामा या नावाने ओळखली जाते. खय्यामसाहेब ऑगस्ट २०१९ मध्ये अल्लाहला प्यारे झाले. मीनाकुमारी माझगावच्या रहमताबाद कब्रस्तानात आहेत. त्यांचा आवाज मात्र आता डिजिटल रूपातही ऐकता येतो. त्यासाठी चोरबाजार गाठायची गरज उरलेली नाही. ज्यांच्या घरी मुलगी वहीच्या मागच्या पानावर गुपचूप काही लिहीत असेल, त्यांनी एका संध्याकाळी ही रेकॉर्ड तिला जरूर ऐकवावी. आणि कुणाचा आवाज आहे असे तिने विचारले, तर उत्तर द्यावे : शायरा माहजबीन ‘नाज’. त्या सिनेमात कामही करीत असत.