लोणचे आणि अळणी पथ्य

अंगावर सूज चढली की रोग्याचे मीठ बंद करावे, हा दंडक आपल्या वैद्यकात किती प्राचीन आहे याची साक्ष चरकसंहितेतील उदररोगाच्या प्रकरणात मिळते. पोटातील पाणी काढून टाकल्यावर रोग्याने सहा महिने केवळ दुधावर राहावे, पुढील तीन महिने दुधातून पेज घ्यावी आणि अखेरचे तीन महिने सावा किंवा हरीक यांसारखे हलके धान्य दुधाबरोबर अळणीच खावे, असे वर्षभराचे कडक पथ्य तेथे सांगितले आहे. ही आज्ञा मूत्रपिंडाचे नाव घेऊन केलेली नव्हती. परंतु मीठ आणि सूज यांचा संबंध त्या वैद्यांच्या नजरेतून सुटला नव्हता, आणि मला तर तेच फार मोलाचे वाटते.

सूज, मूत्र आणि मूत्रपिंड यांचा मेळ पुढे लंडनमधील गाय्ज रुग्णालयात रिचर्ड ब्राइट याने 1827 मध्ये घातला. रोग्याचे मूत्र चमच्यात घेऊन मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावे आणि ते अंड्याच्या पांढऱ्यासारखे साकळते का ते पाहावे, एवढीच त्याची परीक्षा होती. तरीही अशा रोग्याला दुधाने उतार का पडतो, हे कोडे पॅरिसमध्ये विदाल नावाच्या डॉक्टरने 1903 च्या सुमारास सोडवीपर्यंत तसेच राहिले. त्याने सुजलेल्या रोग्याला बिनमिठाचे मांस व बटाटे दिले, तेव्हा सूज ओसरली. आणि ज्या दुधाची एवढी ख्याती होती त्यातच मीठ कालवून दिले, तेव्हा ती परत चढली. गुण दुधाचा नव्हता, त्यातील मिठाच्या अल्पतेचा होता, हे त्या एका प्रयोगाने निर्विवाद ठरले.

या निर्णयाची खरी झळ आमच्याकडे लोणच्याला लागली. चार वाट्या फोडींना एक वाटी मीठ, हे जुन्या घरांतील सर्वमान्य प्रमाण. शिवाय बरणीच्या तळाशी मिठाचा थर, वर पुन्हा थर, आणि तोंडाला दादरा. मीठ फोडींतील पाणी ओढून घेते, त्याचा खार होतो, आणि त्या खारात कुजवणाऱ्या जंतूंचे काही चालत नाही. पाण्याला आपल्याकडे ओढण्याचा हाच मिठाचा धर्म दुबळ्या मूत्रपिंडाच्या माणसाला बाधतो, कारण शरीराबाहेर न गेलेले मीठ पाण्यालाही अडवून धरते. म्हणूनच अशा रोग्याला लोणच्याची मनाई होते, आणि ज्याची भाकरी आयुष्यभर लोणच्याच्या फोडीवर गोड झाली त्याला ती शिक्षा वाटली तर त्यात नवल नाही.

यावर घरोघरी पळवाटा निघतात, त्या मात्र फसव्या आहेत. खारातली कैरी धुऊन व भिजवून घेतल्याने मीठ कमी होते, नाहीसे होत नाही. सैंधवही बहुतांशी तेच मीठ. आणि सोडियम कमी करण्यासाठी पोटॅशियम घातलेले मीठ तर अशा रोग्याला घातकही ठरू शकते, कारण त्याचे मूत्रपिंड तेही पुरेसे बाहेर टाकू शकत नाही. त्यापेक्षा फेसलेल्या मोहरीचा मार्ग प्रामाणिक आहे: मोहरी पाण्यात फेसावी म्हणजे तिचा झणका नाकात चढतो, तीत काकडीच्या दोन फोडी घालून थोडे लिंबू पिळावे, मीठ मुळीच घालू नये, आणि वैद्याची परवानगी असेल तेवढेच त्याच दिवशी खाऊन संपवावे, कारण मिठावाचून ते उद्यापर्यंत टिकणार नाही.