आधीं वेग कीं आधीं ब्रेक?

सुधारणेचा प्रश्न निघाला म्हणजे महाराष्ट्रीय वाचकाच्या मनांत एक जुना वाद सहज जागा होतो. आधीं राजकीय कीं आधीं सामाजिक, ह्या प्रश्नावर आमच्या वाडवडिलांनीं जेवढी शाई खर्च केली तेवढी दुसऱ्या कोणत्या प्रश्नावर क्वचितच खर्च झाली असेल. त्या वादाचा निकाल लावण्याचा आमचा येथें हेतु नाहीं. परंतु सुधारणा करावी कीं न करावी ह्यापेक्षां कोणती आधीं करावी हेंच ठरविणें अधिक अवघड असतें, ही जी त्या वादामागील जाणीव, ती यंत्रांनाही लागू पडते. अमेरिकेंतील हेन्री फोर्ड ह्यांची मोटार आणि तिला अधिक वेगवान करूं पाहणारे तिचे असंख्य सुधारक ह्यांची हकीकत वाचतांना आम्हांस हें वारंवार आठवलें. जुनी मोटार घेऊन तिची ताकद वाढविण्याचा षोक त्या देशांत आजही मोठा आहे. अशा षोकी मनुष्यानें आपला पहिला पैसा कशावर खर्चावा, ह्याचा विचार तेथील दुकानदारांच्या जाहिरातींपेक्षां इतिहासाच्या आधारें केलेला बरा, असें आमचें मत आहे.

फोर्डची 'मॉडेल टी' ही गाडी १९०८ सालीं बाजारांत आली आणि १९२७ सालीं बंद झाली. ह्या अवधींत तिचे १ कोटि ५० लाखांहून अधिक नग विकले गेले. आरंभीं चार-पांच माणसांच्या गाडीस ८५० डॉलर पडत. १९२५ सालीं दोन माणसांची गाडी २६० डॉलरांस मिळूं लागली. फोर्ड ह्यांनीं आपली सारी बुद्धि गाडी बदलण्याकडे न लावितां ती स्वस्त करण्याकडे लाविली. त्यामुळें ती गांवोगांवच्या शेतकऱ्याच्या दारीं जाऊन पोंचली खरी. पण एकोणीस वर्षें तिचें एंजिन जवळजवळ होतें तेंच राहिलें. चार सिलिंडर, १७७ घनइंच आणि २० अश्वशक्ति. सपाट रस्त्यावर ताशीं ४० ते ४५ मैल. एंजिनांत पाणी फिरविणारा पंप नाहीं. तापलेलें पाणी आपोआप वर चढावें व निवलेलें खालीं उतरावें, एवढ्यावरच सारी भिस्त. पेट्रोलची टाकी बैठकीखालीं असून तेल केवळ उतारानें एंजिनाकडे जात असे. त्यामुळें टाकींत तेल थोडें असतां उभी चढण लागली तर गाडी उलटी फिरवून मागल्या बाजूनें डोंगर चढावा लागे! कारखानदार जें करीत नाहीं तें करावयास दुसरे कोणी तरी पुढें येतातच. पंप, दिवे, गिअर, एंजिनाचें हेड, जें म्हणाल तें विकणारे निराळे व्यापारी निघाले, आणि सिअर्स-रोबकसारख्या मोठ्या पेढीच्या सूचीपत्रांतून ह्या वस्तु टपालानें खेड्यापाड्यांत जाऊं लागल्या.

आतां ह्या गाडीच्या ब्रेकविषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण पुढील सर्व गोष्टीचें मर्म त्यांत आहे. आजच्या मोटारींत पायानें ब्रेक दाबला म्हणजे चारही चाकें आवळलीं जातात. मॉडेल टीच्या चालकाच्या पायाशीं तीन पट्ट्या असत. त्यांपैकीं उजवी दाबली असतां एक पट्टा एंजिनामागील गिअरच्या डब्यांतील ढोलास आवळे. म्हणजे ब्रेक चाकास लागतच नसे. तो गिअरच्या डब्यास लागे, तेथून लांब दांड्यानें मागील आंसास, आणि आंसांतील गिअरमार्फत शेवटीं मागल्या दोन चाकांस. पुढील चाकांस ब्रेक मुळींच नव्हता. हातानें ओढण्याचा दांडा मागील चाकांतील दोन लहान ब्रेकांस जोडलेला होता. परंतु त्याचें खरें काम उभी गाडी जागच्या जागीं ठेवणें हें होय. खंडाळ्याचा घाट मोटारीनें उतरलेल्या वाचकांस ह्या व्यवस्थेंतील धोका सांगावयास नको. पाय आणि चाक ह्यांच्यामधील सांखळींतील एक दुवा तुटला कीं चाकें मोकळीं सुटलीं. तथापि २० अश्वशक्तीच्या व खडबडीत रस्त्यावरून सावकाश चालणाऱ्या गाडीस ही व्यवस्था पुरेशी पडे. फोर्ड ह्यांची बेरीज-वजाबाकी चुकलेली नव्हती. ती त्या गाडीपुरती व त्या वेगापुरती होती.

ती बेरीज सुधारकांनीं बिघडविली. १९११ सालीं ज्यांच्या नांवें शेव्हरोले मोटारींचा धंदा सुरू झाला ते लुई शेव्हरोले पुढें त्या धंद्यांतून बाहेर पडले, आणि आपल्या भावासह फोर्डच्या गाडीस बसणारें 'फ्राँटिनॅक' हेड बनवून विकूं लागले. फोर्डच्या प्रतिस्पर्धी मोटारीवर ज्याचें नांव झळकत होतें त्यानेंच फोर्डची मोटार पळवावी, हा योग मौजेचा खरा. फोर्डच्या मूळ एंजिनांत झडपा सिलिंडरांच्या बगलेस असत. ह्या नव्या हेडांत त्या सिलिंडरांच्या डोक्यावर आल्या, वायूला आंत-बाहेर जाण्यास मोकळी वाट मिळाली, आणि ताकद पुष्कळच वाढली. रसीन शहरीं जो जॅगर्सबर्गर ह्यांनीं 'रेजो' नांवाचीं तशींच हेडें काढलीं. हे गृहस्थ स्वतः शर्यतींत गाडी हांकणारे असून एका अपघातांत त्यांचा पाय गेला होता. १९२३ सालच्या इंडियानापोलिस येथील ५०० मैलांच्या शर्यतींत एल. एल. कोरम ह्यांनीं फ्राँटिनॅक हेडाची फोर्ड गाडी ताशीं ८० मैलांहून अधिक सरासरीनें हांकून पांचवा क्रमांक मिळविला. शेतकऱ्याच्या गाडीच्या एंजिनानें खास शर्यतीसाठीं बांधलेल्या बहुमोल गाड्यांस मागें टाकलें! ही वार्ता वाचून किती तरुणांनीं हेडासाठीं पैसे सांठविले असतील ह्याची कल्पना कोणासही करतां येईल.

परंतु शर्यतीचें चक्र आणि गांवचा रस्ता ह्यांत मोठें अंतर आहे. चक्रांत समोरून बैलगाडी येत नाहीं, मूल आडवें धांवत नाहीं, उतारही नसतो. तेथें गाडी पळाली कीं काम झालें. रस्त्यावर मात्र ती उभीही राहिली पाहिजे. आणि गणित असें आहे कीं वेग ४० मैलांवरून ६० मैलांवर नेला असतां, म्हणजे केवळ दीडपट केला असतां, ब्रेकास जिरवावी लागणारी शक्ति सव्वादोनपट होते. ती जिरविण्यास गिअरच्या डब्यांतील तोच एक पट्टा! शिवाय ह्या एंजिनाचा क्रँक बारीक होता. २० अश्वशक्तीचा भार तो सोशी. दुप्पट भार घातल्यावर तो तुटला तर दोष कोणाचा?

ह्याहून विलक्षण गोष्ट रक्स्टेल आंसाची. मॉडेल टीस पुढें जाण्याचे दोनच गिअर होते. रक्स्टेल ह्यांचा आंस मागें बसविला कीं त्यांचे चार होत, आणि जड ओझें घेऊन चढण चढणें सोपें जाई. वस्तु उत्तम होती. फोर्डचे विक्रेते ती स्वतःच विकीत. पण तिचा गिअर बदलतांना दांडा दोन जागांच्या मध्यें अडकून राहिला तर एंजिनाकडून येणारा दांडा एकीकडे आणि चाकें दुसरीकडे अशी स्थिति होई. मग पायांतील ब्रेक जोरानें दाबावा तर तो फक्त गिअरचा डबा थांबवी. चाकें उताराच्या दिशेनें खुशाल चालत राहत. चढण सोपी करण्यासाठीं घेतलेल्या वस्तूनें उतरण अशी जिवावरची झाली. म्हणून जाणते लोक ह्या आंसाबरोबर 'रॉकी मौंटन' नांवाचे ब्रेक बसवीत. त्यांचे पट्टे मागल्या चाकांच्याच ढोलांवर बाहेरून आवळले जात; मधला कोणताही दुवा सुटला तरी पायाचा चाकाशीं असलेला संबंध कायम राही. आमच्या मतें ह्या गाडीसाठीं निघालेल्या साऱ्या सुधारणांत हिच्याइतकी शहाणपणाची दुसरी नाहीं. आणि शर्यतींच्या इतिहासांत तिचें नांवही सहसा निघत नाहीं.

फोर्ड ह्यांनीं १९३२ च्या मार्चअखेर आठ सिलिंडरांची स्वस्त गाडी काढली तेव्हां ह्या नाटकाचा दुसरा अंक सुरू झाला. २२१ घनइंचांचें ६५ अश्वशक्तीचें एंजिन सामान्य मनुष्याच्या हातीं आलें. कॅलिफोर्नियांतील तरुण ह्या गाड्या घेऊन म्युरॉक येथील कोरड्या पडलेल्या तळ्यावर जात, पंख व पुढील कांच काढून ठेवीत, शर्यत लावीत, आणि सायंकाळीं तें सारें पुन्हां बसवून त्याच गाडींतून घरीं परतत. १९३७ सालीं त्यांच्या मंडळांनीं मिळून एक संघ स्थापन केला. तळ्याच्या मैलोगणती सपाटीवर ब्रेकाची कोणास पर्वा! पण घरची वाट गांवांतून होती. फोर्ड ह्यांचा सळ्यांनीं व तारांनीं ओढल्या जाणाऱ्या ब्रेकांवरच विश्वास; प्लायमथच्या गाड्यांस तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक १९२८ पासून होते, फोर्डनें ते १९३९ सालीं स्वीकारले. ते बाजारांत येतांच ह्या तरुणांनीं मोडीच्या दुकानांतून नव्या गाड्यांचे ब्रेक आणून १९३२ च्या गाड्यांस बसविण्याचा सपाटा लावला. फोर्डचे सुटे भाग वर्षानुवर्षें एकमेकांस जुळत, त्यामुळें हें काम अल्प खर्चांत होई.

तथापि ह्याच एंजिनानें सुधारकांस आणखी एक धडा दिला. त्याच्या झडपा दोन्ही रांगांच्या मधल्या घळींत होत्या. म्हणून जळलेला तप्त वायु बाहेर पडतांना एंजिनाच्या ठोकळ्यांतूनच जाई, आणि प्रत्येक बाजूस चार सिलिंडरांमागें वाटा तीनच. वाटेंत तो भोंवतालच्या पाण्यास तापवी. आधींच्या एंजिनांतील पंप हेडावर बसवून तापलेलें पाणी ओढीत. १९३७ पासून ते खालीं आणून थंड पाणी आंत ढकलण्याची सोय झाली. अशा एंजिनास कोणी दोन कार्ब्युरेटर लावी. कोणी १९४९ नंतरच्या मर्क्युरी गाडीचा लांब फेऱ्याचा क्रँक बसवी, सिलिंडर अष्टमांश इंच रुंद करी, आणि २३९ घनइंचांचे २७६ करून घेई. ताकद वाढे, आणि तिच्या मागोमाग उष्णताही वाढे. रेडिएटर मात्र जुनाच! मग भर उन्हांत रस्त्याच्या कडेला वाफ सोडीत उभी राहिलेली गाडी पाहून लोक फोर्ड ह्यांस दोष देत.

ह्या एंजिनाचें युग १९५३ सालीं अमेरिकेंत संपलें. १९५५ सालीं शेव्हरोलेचें आठ सिलिंडरांचें २६५ घनइंचांचें एंजिन निघालें, आणि हळूहळू तेंच फोर्डच्या जुन्या सांगाड्यांत बसूं लागलें. लुई शेव्हरोले १९४१ सालींच वारले होते. नाहीं तर त्यांस हें पाहून मौज वाटली असती.

जुन्या गाडीस नवें कांहीं लावणें म्हणजे तिचा इतिहास भ्रष्ट करणें होय, असें मानणारा एक पक्ष आहे. एखाद्या संग्रहालयांतील अस्सल गाडीविषयीं त्याचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. परंतु रस्त्यावर चालणाऱ्या मॉडेल टीस रॉकी मौंटन ब्रेक लावणें हें इतिहासाला सोडून कसें, हें आम्हांस कळत नाहीं. ते त्या काळींही लावीत असत, आणि त्या धर्तीचे नवे ब्रेक आजही मिळतात. दुसरी सुधारणा तर कोणाच्या दृष्टीसही पडत नाहीं. ह्या गाडीच्या मागील आंसांत बॅबिट नांवाच्या मऊ मिश्रधातूचे वॉशर घातलेले असत. इतक्या वर्षांनीं त्यांचा भुगा होतो, मोठा गिअर लहान गिअरपासून दूर सरतो, आणि पायांतील ब्रेकाचा चाकांशीं असलेला संबंध अकस्मात् तुटतो. त्यांच्या जागीं कांशाचे वॉशर बसवितात. त्यानें अर्धी अश्वशक्तिही वाढत नाहीं. परंतु अमेरिकेंतील ह्या गाड्यांचे जुने जाणकार नव्या मालकास प्रथम हेंच विचारतात कीं मागल्या आंसांत कोणते वॉशर आहेत. आणि त्यास तें ठाऊक नसलें तर ते आंस उघडून पाहावयास सांगतात. रेजो हेडाची गोष्ट त्यानंतर निघते.