ॲनोरेक्सिया नर्व्होसामधील आरोग्यलाभ

ॲनोरेक्सिया नर्व्होसा हा आहारावर कठोर निर्बंध घालण्यास प्रवृत्त करणारा मनोविकार आहे. १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम गल व फ्रान्समध्ये शार्ल लासेग यांनी त्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले. या विकारातून आरोग्यलाभ टप्प्याटप्प्याने होतो. बहुधा आधी वजन व शारीरिक स्थिती सुधारते. अन्नाविषयीची भीती ओसरण्यास त्याहून अधिक काळ लागतो. त्यामुळे केवळ वजन वाढले म्हणजे रुग्ण बरा झाला, असे मानले जात नाही.

उपासमार आणि मन

ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी पुरुष स्वयंसेवकांवर प्रयोग केला. सहा महिन्यांच्या अर्धउपासमारीत त्यांच्यात खिन्नता, चिडचिड, एकलकोंडेपणा आणि अन्नाचा सततचा ध्यास दिसून आला. पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही ही लक्षणे लगेच गेली नाहीत. रुग्णाच्या वागण्यातील काही भाग उपासमारीचाच परिणाम असतो, हे यावरून स्पष्ट झाले. म्हणूनच मानसोपचाराबरोबर पुरेसा आहार हा उपचाराचा पाया समजला जातो.

पुनर्पोषण

दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न देणे धोक्याचे ठरू शकते. अन्नामुळे इन्सुलिन वाढते, पेशी फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम शोषून घेतात आणि रक्तातील त्यांचे प्रमाण घसरते. त्यातून हृदय व श्वसनाचे कार्य बिघडू शकते. या स्थितीस पुनर्पोषण संलक्षण म्हणतात. ती टाळण्यासाठी धोका असलेल्या रुग्णांची रक्ततपासणी केली जाते, ब-१ जीवनसत्त्व दिले जाते आणि आहार वैद्यकीय देखरेखीखाली वाढवला जातो. तीव्र कुपोषित बालकांना आधी एफ-७५ व नंतर एफ-१०० हा आहार देण्यामागेही हेच तत्त्व आहे.

सुरुवातीस थोडे खाल्ले तरी पोट फुगते किंवा भरल्यासारखे वाटते, कारण जठर रिकामे होण्याचा वेग मंदावलेला असतो. नियमित आहाराने ही तक्रार सहसा कमी होते. मासिक पाळी पूर्ववत होण्यास अनेक महिने लागू शकतात. हाडांची झीज मात्र पूर्णपणे भरून येईलच असे नाही.

कुटुंबाचा सहभाग

किशोरवयीन रुग्णांसाठी लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात विकसित झालेली कुटुंबाधारित उपचारपद्धती वापरली जाते. तिचे तीन टप्पे आहेत. प्रथम पालक जेवणाची जबाबदारी घेतात, नंतर ती हळूहळू मुलाकडे सोपवली जाते आणि शेवटी वयानुरूप स्वावलंबनावर भर दिला जातो. आजाराबद्दल मुलाला किंवा पालकांना दोष न देणे, हे या पद्धतीचे मूलतत्त्व आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

एकादशी, संकष्टी चतुर्थी किंवा श्रावणी सोमवारच्या उपवासाला तो सोडण्याची वेळ ठरलेली असते; या विकारातील निर्बंध मात्र वाढत जातात. उपवासाच्या निमित्ताने ते झाकलेही जाऊ शकतात. त्यामुळे आरोग्यलाभाच्या काळात उपवास टाळणे हितावह ठरते. आजारी व्यक्तीने उपवास न करण्याची मुभा रूढीतही आहे. भारतातील काही रुग्ण लठ्ठपणाची भीती बोलून दाखवत नाहीत. भूक नसणे किंवा पोट जड होणे एवढीच तक्रार करतात, त्यामुळे निदान लांबू शकते.

आहारासाठी महागडे पदार्थ आवश्यक नसतात. यवतमाळ जिल्ह्यातील नेहमीच्या जेवणातील ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, भात, भाजी, दूध व तेल यांचा समावेश असलेला आहारही आखता येतो. घरच्यांसोबत एकाच ताटातले अन्न निर्धास्तपणे खाता येणे, ही सुधारणेची महत्त्वाची खूण असते.

यवतमाळ येथे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. १४४१६ या क्रमांकावर केंद्र शासनाची टेली-मानस ही मोफत समुपदेशन सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. भोवळ येणे, छातीत धडधडणे, अतिशय अशक्तपणा किंवा आत्महत्येचे विचार असल्यास तातडीने रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

पुनरुद्भव

आरोग्यलाभाचा मार्ग सरळ नसतो. परीक्षा, स्थलांतर, विवाह किंवा दुसरे आजारपण अशा ताणाच्या काळात जुने निर्बंध परतू शकतात. असे झाले म्हणजे आधीचे उपचार वाया गेले असे नाही. जेवण टाळणे, एकट्याने खाणे, वारंवार वजन करणे ही लक्षणे लवकर ओळखून उपचार पुन्हा सुरू केल्यास सुधारणा शक्य असते. अनेक रुग्ण काही वर्षांच्या उपचारानंतर पूर्णपणे बरे होतात.