सैनिक, स्पुटनिक आणि एसओपी

आयटीतली बरी चाललेली नोकरी हातात असताना 'मला इन्स्ट्रक्शनल डिझाईनमध्ये मास्टर्स करायचंय' असं घरी सांगून बघा. माझ्या वाट्याला आलेला पहिला प्रश्न, "म्हणजे मास्तर होणार का?" आणि दुसरा, "मग बी.एड. कर की इथेच!" प्रश्न रास्त आहेत. माणसं हजारो वर्षं एकमेकांना शिकवत आली आहेत, मग त्याच्या 'डिझाईन'साठी वेगळी पदवी कशाला? अर्जासोबतच्या स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, म्हणजे एसओपीमध्ये, विद्यापीठही फिरून फिरून हेच विचारतं. उत्तरासाठी थोडा इतिहास खणला, तर धागा थेट लष्करात जाऊन पोहोचला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडे माणसं होती, वेळ नव्हता. काल शेतावर किंवा दुकानात असलेल्या पोरांना काही महिन्यांत वैमानिक, गनर, रडार ऑपरेटर करायचं होतं. त्यासाठी मानसशास्त्रज्ञांना कामाला लावलं गेलं. त्यातलाच एक रॉबर्ट गॅन्ये. युद्धानंतरही तो हवाई दलासाठी प्रशिक्षणावर संशोधन करत राहिला आणि १९६२ मध्ये त्याने एक निबंध लिहिला, जो आजही वाचण्यासारखा आहे. त्यात त्याने तीन कामं घेतली: उडत्या विमानातून नेम धरणं, रडार ठरलेल्या क्रमाने सुरू करणं आणि बिघडलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रातला दोष शोधणं. मग पुस्तकातली तत्त्वं एकेक करून लावून पाहिली. 'भरपूर सराव करा', 'बरोबर आलं की शाबासकी द्या' वगैरे. निष्कर्ष असा की, नुसत्या या तत्त्वांनी फारसं काही हाती लागत नाही. आधी कामाचे तुकडे पाडा, कुठला तुकडा आल्याशिवाय पुढचा येणार नाही ते शोधा आणि मग त्या क्रमाने शिकवा.

आपल्या भाषेत सांगायचं तर, आधी डिपेन्डन्सी सोडवा, मग बिल्ड करा!

दुसरा धागा बी. एफ. स्किनरचा. १९५३ मध्ये तो मुलीच्या शाळेत गणिताचा तास बघायला गेला. तिथे सगळी मुलं एकाच वेगाने हाकली जात होती आणि आपलं उत्तर बरोबर की चूक हे त्यांना लगेच कळतही नव्हतं. त्याने 'टीचिंग मशीन' बनवलं: छोटी पायरी, एक प्रश्न, लगेच निकाल. ती यंत्रं केव्हाच अडगळीत गेली, पण त्यांच्यासाठी धडे लिहिताना लागलेली सवय टिकली. कच्चा धडा आधी मुलांवर करून बघायचा आणि बरीच मुलं एकाच जागी अडखळली, तर ती पायरी पुन्हा लिहायची. मला विचाराल तर या क्षेत्राचा खरा जन्म इथे आहे. 'पोरगं ढ आहे' याऐवजी 'पायरी उंच झाली' असं म्हणणारं कुणीतरी भेटलं. युजरला शिव्या घालणं सोडून बग शोधायला घेण्यासारखंच हे.

मग ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा आला. शिक्षणाच्या कायद्याच्या नावात 'संरक्षण', यावरूनच घबराट किती होती ते कळतं. विज्ञान, गणित, परकीय भाषा यांच्यासाठी आणि शिक्षणातल्या फिल्म, रेडिओ, टीव्हीवरच्या संशोधनासाठी विद्यापीठांकडे पैसा वळला. १९६२ मध्ये रॉबर्ट मेगरचं छोटंसं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं, 'विद्यार्थ्याला अमुक समजेल' असं मोघम लिहू नका. तो काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत आणि किती अचूक, ते लिहा. हा तर चक्क ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया झाला.

१९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने अमेरिकन लष्करासाठी या सगळ्याची एक पद्धत बसवली: पाच टप्पे, १९ पायऱ्या. विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी आणि शेवटी नियंत्रण. 'नियंत्रणा'च्या जागी पुढे 'मूल्यमापन' आलं आणि आज जिला 'ॲडी' म्हणतात ती साखळी रूढ झाली. आपल्या वॉटरफॉलची सख्खी चुलत बहीणच म्हणा ना! तक्रारीही त्याच: कागदपत्रं फार, लवचिकता कमी. शिवाय रडार सुरू करणं मोजता येतं, कविता आवडणं कसं मोजणार? नव्वदच्या दशकात या मुद्द्यावर तज्ज्ञांमध्ये जोरदार वाद झाले आणि ते पूर्ण मिटलेत असं नाही.

आता या इतिहासाचा अर्जाला उपयोग काय? एक म्हणजे नावांचा गोंधळ सुटतो. काही विभाग मुळात दृक्‌श्राव्य साधनांचे, म्हणजे प्रोजेक्टर आणि फिल्मवाले होते, म्हणून इंडियाना विद्यापीठाच्या विभागाच्या नावात आजही 'टेक्नॉलॉजी' आहे. (आणि हो, त्यासाठी सातासमुद्रापार जायलाच हवं असं नाही. मुंबईत एसएनडीटीत शैक्षणिक तंत्रज्ञानाचा विभाग आहे, आयआयटीत पीएच.डी. करता येते.)

दुसरं जास्त महत्त्वाचं. एसओपीत 'मला अमुक टूल येतं, तमुक सॉफ्टवेअर येतं' ही यादी द्यायचा मोह आपल्यासारख्यांना फार होतो. पण टूल्स स्किनरच्या यंत्रासारखीच अडगळीत जाणार आहेत. त्यापेक्षा कुणाला काय जमत नव्हतं, कुठे अडत होतं, आपण काय बदललं आणि ते जमलं हे कशावरून ठरवलं, एवढं लिहावं.

मी तेच लिहिलंय. सपोर्ट टीममध्ये नव्या मुलांना दोन दिवस स्लाईड्स दाखवतात, आणि तिसऱ्या दिवशी खरा लॉग समोर आला की ती गप्प होतात. गॅन्येचं तिसरं काम, दुसरं काय! मी त्या कामाचे तुकडे पाडले: आधी लॉगची एक ओळ वाचणं, मग ती कुठल्या सर्व्हिसची ते ओळखणं, मग तिच्या आधी काय घडलं ते शोधणं. जुनी, सुटलेली तिकिटं सरावाला दिली. पुढच्या तुकडीतली मुलं निदान योग्य प्रश्न तरी विचारू लागली. उत्तरं मात्र अजून चाचपडतच शोधतात, आणि ते का, हे मला नीट सांगता येत नाही.

ते शिकायला पदवी हवी आहे. कर्ज काढावं लागेल, पगाराची दोन वर्षं जातील, हा हिशेब मांडून झालाय. "मास्तर होणार का?" याला माझं आताचं उत्तर: नाही, पण पोरं कुठे आणि का अडतात ते शोधणारा माणूस व्हायचंय.