मार्लोच्या मेंढपाळगीताची लय

१. ख्रिस्तोफर मार्लोच्या (१५६४–१५९३) या मेंढपाळगीताचा सहा कडव्यांचा पाठ १६०० सालच्या 'इंग्लंड्स हेलिकॉन' या काव्यसंग्रहातून घेतला आहे. इंग्रजी वृत्त मात्रांऐवजी आघातांवर चालते. इथे ओळीत चार आघात आणि लगतच्या दोन-दोन ओळींना यमक. ठेका इतका सरळ, की कविता गाण्याकडेच झुकते. खरी किमया पुनरावृत्तीत आहे. 'माझ्यासोबत येऊन राहा' हे मेंढपाळाने तरुणीला केलेले पहिल्या ओळीतले आर्जव भेटवस्तूंच्या वर्णनात मागे पडते आणि शेवटच्या दोन्ही कडव्यांच्या अखेरीस जवळजवळ त्याच शब्दांत, त्याच यमकासह परतते. हा मेंढपाळाचा हट्ट आहे. त्यात शब्दांची गरिबी पाहू नये. वॉल्टर रॅलेच्या नावावर असलेले त्या तरुणीचे काव्यरूप उत्तरही याच वृत्तात आहे. दोन्ही कविता लागोपाठ, मोठ्याने वाचाव्यात.